‘समजा’ कुणी लिहायचं?

गणिताच्या पदवीच्या मध्येच एक अख्खं वर्ष एखाद्या कंपनीत किंवा सरकारी खात्यात काम करायचं आणि मग परत येऊन शेवटचं वर्ष पुरं करायचं, हा विषय निघाला की वाद ठरलेल्या वाटेनेच जातो. एक पक्ष म्हणतो, प्रमेयांनी पोट भरत नाही; पोरांच्या हाती अनुभवाचा कागद हवा. दुसरा विचारतो, गणित म्हणजे काय नळजोडणीचा कोर्स आहे? विशीतलं तल्लख वर्ष एक्सेलच्या रकान्यांत का घालवायचं? पहिल्याला दुसरा उंटावरचा शहाणा वाटतो, दुसऱ्याला पहिला बाजारबुणगा. गंमत अशी की एका मुद्द्यावर दोघांचं न बोलता एकमत झालेलं आहे: त्या वर्षाचा गणिताशी काही संबंध नाही. एकाला ते चालतं, दुसऱ्याला चालत नाही, इतकाच फरक. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. ते वर्ष असावं, ऐच्छिक असावं, आणि गणिताचाच एक विषय म्हणून असावं. ज्या विद्यापीठाला तो विषय म्हणून शिकवायचा नसेल, त्याने ती सोय बंद केलेली बरी.

आधी शब्दाचा घोळ निस्तरायला हवा. आपल्याकडे ‘प्लेसमेंट’ म्हटलं की पदवीनंतरची नोकरी, कॅम्पसवर आलेल्या कंपन्या आणि पॅकेजचे आकडे डोळ्यांपुढे येतात. ब्रिटनमधल्या विद्यापीठांत ‘प्लेसमेंट इयर’ म्हणजे पदवीच्या पोटातलं वर्ष. दोन वर्षं शिकायचं, तिसरं वर्ष बाहेर काम करायचं, चौथ्या वर्षी परत वर्गात. दोन पावांमधलं सारण, म्हणून त्याला ‘सँडविच’ अभ्यासक्रम असंही नाव आहे. संडरलंडच्या टेक्निकल कॉलेजात १९०३ साली इंजिनिअरिंगसाठी अशी सोय सुरू झाली. १९०६ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडरने तिचाच एक भाऊबंद, ‘को-ऑप’ (आलटून पालटून वर्ग आणि काम) पद्धत, उभा केला. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ १९५७ साली या पद्धतीच्या पायावरच उभं राहिलं, आणि दहा वर्षांनी तिथे गणिताची स्वतंत्र फॅकल्टी निघाली. म्हणजे ही मुळात यंत्रशाळेतली कल्पना, गणितात ती मागाहून आली. मराठीत तिच्यासाठी नवा शब्द घडवायची गरज नाही, ‘उमेदवारी’ हा जुना शब्द आहेच. सुताराकडे, वकिलाकडे, छापखान्यात लोक उमेदवारी करत. गणिताच्या विद्यार्थ्याने ती कुणाकडे करायची आणि तिथे नेमकं काय शिकायचं, हा खरा प्रश्न आहे. या वादात तो सहसा कुणी विचारत नाही.

मी उमेदवारीच्या बाजूचा आहे, म्हणून आधी माझ्याच बाजूचा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात कच्चा युक्तिवाद बाजूला काढतो. माहितीपत्रकांत तो हमखास असतो: बाहेर वर्ष काढून आलेल्यांना शेवटच्या परीक्षेत जास्त गुण पडतात, नोकरीही लवकर लागते. असतील पडत, लागतही असेल. पण कोणती मुलं ते वर्ष मिळवतात? दुसऱ्या वर्षीच अर्ज भरणारी, मुलाखतींची तयारी करणारी, आधीच बरे गुण असणारी. ती घरी बसली असती तरी पुढेच राहिली असती. संख्याशास्त्राच्या पहिल्या सत्रातला विद्यार्थीसुद्धा विचारेल की तुलना कुणाची कुणाशी करताय. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, तर फांदीचं श्रेय कावळ्याला द्यायचं का? या चळवळीच्या उगमापाशीही हीच गफलत दिसते. श्नायडरने आधी लीहाय विद्यापीठात असताना पाहिलं की पुढे यशस्वी झालेल्या बऱ्याच पदवीधरांनी शिकतानाच पैशांसाठी काम केलेलं होतं, आणि त्यावरून त्याने कामाचं महत्त्व ताडलं. निष्कर्ष कदाचित बरोबर असेल, पण पुरावा तोकडा होता. निदान गणित विभागांनी तरी असल्या पुराव्यावर आपली जाहिरात करू नये.

मग या वर्षाची बाजू कशावर घ्यायची? माझ्या मते एका शब्दावर: ‘समजा’.

गणिताच्या पुस्तकातलं जवळजवळ प्रत्येक उदाहरण ‘समजा’पासून सुरू होतं. समजा फलन संतत आहे. समजा चलं परस्परांपासून स्वतंत्र आहेत. समजा त्रुटींचं वितरण नॉर्मल आहे. त्यानंतरचा सगळा प्रवास विद्यार्थ्याचा असतो, पण ते पहिलं वाक्य त्याला आयतं मिळतं. तीन वर्षं आयत्या ‘समजा’वर वाढलेल्या मुलाला एक सवय जडते: प्रश्न म्हणजे ज्याला उत्तर आहे अशी गोष्ट, ज्यात दिलेली प्रत्येक माहिती वापरायची असते आणि न दिलेली लागत नाही. परीक्षेत एखादी अट वापरली गेली नाही तर आपलं काहीतरी चुकलं, हे त्याला वासावरून कळतं. खऱ्या कामात हा वासच दगा देतो. तिथे निम्म्याहून अधिक माहिती निरुपयोगी असते, लागणारी सापडत नाही, आणि ‘समजा’ची ओळ कोरी असते. ती तुम्ही लिहायची आणि तिच्याखाली सहीही तुमची.

एक साधं काम घ्या. विद्यार्थ्याला सांगितलं जातं, आपले ग्राहक का सोडून जातात ते शोध. त्याच्या डोक्यात लगेच लॉजिस्टिक रिग्रेशन (हो-नाही उत्तराची शक्यता वर्तवणारी संख्याशास्त्रीय रीत) फिरू लागतं. पण पहिल्या दिवशी आडवा येणारा प्रश्न त्याहून फार साधा आणि फार अवघड असतो: ‘सोडून गेला’ म्हणजे काय? करार असेल तर तो संपल्याची तारीख असते. करारच नसेल तर ग्राहक निरोप घेऊन जात नाही, नुसता येईनासा होतो. तीस दिवस आला नाही तर गेला म्हणायचं की नव्वद? तीस धरले तर वर्षातून चारच वेळा येणारा नेमाचा माणूस ‘गेलेला’ ठरतो. नव्वद धरले तर खरोखर गेलेल्याची खबर तीन महिने उशिरा लागते. व्याख्या बदलली की उत्तर बदलतं, आणि कोणती व्याख्या बरोबर हे कुठल्याही सूत्रातून निघत नाही. त्या उत्तराचं पुढे काय करायचं आहे त्यावर ते ठरतं. हे गणित नाही असं ज्याला वाटतं, त्याने सांतत्याचा इतिहास आठवावा. ‘हात न उचलता काढता येते ती रेषा’ या समजुतीवर भले भले काम करून गेले. फ्रेंच गणिती कोशीने १८२१ मध्ये व्याख्या घट्ट करायला घेतली, जर्मन गणिती वायरश्ट्रासच्या हातून ती आजच्या रूपात आली, आणि मग १८७२ मध्ये त्यानेच असं फलन पुढे ठेवलं की जे सगळीकडे संतत आहे आणि कुठेही विकलनीय नाही, म्हणजे ज्याला एकाही बिंदूपाशी उतार नाही. पन्नास वर्षांची ती झटापट मुख्यतः व्याख्येची होती. रिअल अ‍ॅनालिसिसच्या वर्गात आपण तिचं फळ एका तासात फळ्यावर लिहून देतो, आणि मुलांना वाटतं की व्याख्या आकाशातून पडतात.

विम्याचं उदाहरण तर मला याहून आवडतं. विमा कंपनीला वर्षअखेरीस अशा दाव्यांसाठी पैसे राखून ठेवावे लागतात जे घडून गेलेत पण अजून कुणी कळवलेले नाहीत. जे माहीतच नाही ते मोजायचं! त्यासाठीची नेहमीची रीत शाळकरी गुणाकाराची आहे: अपघाताचं वर्ष उभं, उलटलेली वर्षं आडवी, असा आकड्यांचा त्रिकोण मांडायचा, मागच्या वर्षांत दावे कोणत्या गुणोत्तराने वाढत गेले ते काढायचं आणि रिकामा कोपरा त्याच गुणोत्तराने भरायचा. विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात ते जमतं आणि दुसऱ्या आठवड्यात त्याचा कंटाळा येतो. पण समजा, गेल्या वर्षी कंपनीने दावे निकाली काढण्याचं काम जलद केलं. आता ताज्या आकड्यांत दावे वाढल्यासारखे दिसतात, खरं तर ते फक्त लवकर पोचलेत, आणि जुनं गुणोत्तर लावलं की राखीव रक्कम फुगते. गुणाकार अचूक असून उत्तर चूक. गृहीतक कुठे मोडलं हे शोधायला त्या मुलाला संगणकावरून उठून दावे हाताळणाऱ्या माणसाकडे जाऊन विचारावं लागतं, ‘तुम्ही गेल्या वर्षी नेमकं काय बदललंत?’ हा प्रश्न विचारायला शिकणं म्हणजे अटी तपासायला शिकणं. कोणत्या अटीखाली प्रमेय लागू पडतं हे प्रश्नपत्रिकेत लिहिताना तो कधी चुकत नव्हता; ती अट जगात कुठे राहते हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

विल्यम गॉसेटची गोष्ट संख्याशास्त्राच्या प्रत्येक वर्गात सांगतात, पण बहुधा अर्धीच. ऑक्सफर्डहून शिकून तो १८९९ मध्ये डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत लागला. तिथे जवाच्या आणि हॉप्सच्या चाचण्या महाग होत्या, म्हणून प्रत्येक वेळी हाताशी मोजकीच निरीक्षणं. त्या काळचं संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांवर पोसलेलं. थोड्या आकड्यांवरून सरासरीबद्दल किती खात्रीने बोलावं याचं धड उत्तर त्यात नव्हतं. कंपनीने १९०६–०७ मध्ये त्याला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात कार्ल पिअरसनच्या प्रयोगशाळेत पाठवलं. म्हणजे त्याचं ‘प्लेसमेंट इयर’ उलट्या दिशेचं: कारखान्यातून विद्यापीठात. १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्याचा लेख आला, आणि आज जगभर शिकवली जाणारी टी-चाचणी त्यातून उभी राहिली. यातून ‘पाहा, उद्योगाने गणिताला किती दिलं’ एवढंच सांगून लोक थांबतात. मला त्यात दुसरं काही दिसतं. पिअरसन त्या काळचा या विषयातला सर्वांत मोठा माणूस होता, पण त्याचे नमुने शेकड्यांनी असत, त्यामुळे लहान नमुन्याचा प्रश्न त्याला बोचत नव्हता. प्रश्न बोचायला गॉसेटची जागा लागली, आणि सोडवायला पिअरसनचं घर. नुसत्या कारखान्यात राहून ते झालं नसतं, आणि नुसत्या प्रयोगशाळेत बसून कदाचित तो प्रश्नच कुणी विचारला नसता.

आता दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते खरं म्हणायला हवं. पहिला आक्षेप विस्मरणाचा. गणित हा सोडला की गंजणारा विषय आहे, हे शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. सुट्टीनंतरसुद्धा हात जड येतो. मग चौदा-पंधरा महिन्यांनी (उमेदवारीचं वर्ष आणि दोन्ही बाजूंच्या सुट्ट्या धरल्या तर तेवढे होतातच) परत येणाऱ्या मुलासमोर थेट मेझर थिअरी किंवा गॅल्वा थिअरीसारखा अमूर्त विषय आला तर तो बावरणारच. मी हे नाकारत नाही. पण कोणती गोष्ट विसरली जाते तेही पाहू. इंटिग्रलच्या युक्त्या, सिद्धतांचे टप्पे, परीक्षेसाठी घोकलेली यादी. त्यातलं बरंचसं परीक्षेनंतरच्या महिन्यातच जातं, त्यासाठी वर्षभर बाहेर जावं लागत नाही. आडातच नव्हतं तर पोहऱ्यात कुठून येणार? उरलेल्या खऱ्या विस्मरणावर उपाय आहे, आणि तो विद्यापीठाच्या हातात आहे: बाहेरच्या वर्षात दर पंधरवड्याला उदाहरणांचा एक संच, परत आल्यावर सत्र सुरू होण्याआधी दोन आठवड्यांची उजळणी. त्याला फारसा खर्च नाही. तरीही बहुतेक ठिकाणी त्याऐवजी ‘कौशल्यांची नोंदवही’ भरून घेतात, ज्यात मुलाने आपलं संभाषणकौशल्य कसं वाढलं ते लिहायचं असतं.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. बहुतेक जागी गणित नसतंच. मुलगा वर्षभर एका तक्त्यातले आकडे दुसऱ्या तक्त्यात नेतो, बैठकांच्या स्लाइड करतो, पासवर्ड विसरलेल्यांना मदत करतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. हे बऱ्याच अंशी खरं आहे आणि मला त्याची चीड आहे. पण या दोषाचा धनी कोण? इंग्लंडमध्ये त्या वर्षासाठी विद्यापीठाला पूर्ण वर्षाच्या फीच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. त्या बदल्यात ते काय देतं? एक-दोन भेटी, एक फॉर्म, शेवटी अहवाल, आणि ‘उत्तीर्ण’ असा शेरा. ज्या अभ्यासक्रमात नापास होणं जवळपास अशक्य आहे तो अभ्यासक्रम कुणीच गंभीरपणे घेत नाही, विद्यार्थी नाही, प्राध्यापक नाही, कंपनी तर नाहीच. त्यात भर म्हणजे ब्रिटिश कायद्यात अभ्यासक्रमाचा आवश्यक भाग म्हणून केलेल्या, वर्षभरापर्यंतच्या कामाला राष्ट्रीय किमान वेतनाचा हक्क लागू होत नाही. बऱ्याच कंपन्या चांगला पगार देतात, ते वेगळं; पण कायद्याने दार उघडं ठेवलं आहे, आणि त्या दारातून शिकाऊ माणूस स्वस्तातला कारकून म्हणून आत घेता येतो. विभागाने ‘या कामात गणित कुठे आहे ते लिहून द्या, नाहीतर आम्ही ते वर्ष पदवीत धरणार नाही’ एवढं म्हटलं, तर निम्म्या जागा गळतील. गळू द्याव्यात. दुधाची तहान ताकावर भागवत राहिलं की दुधाची मागणीच कुणी करत नाही.

मात्र ‘गणित आहे’ याची कसोटी वरवरची नको. दिसायला कंटाळवाणं काम आणि गणितशून्य काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सी. आर. राव आंध्र विद्यापीठातून गणितात एम.ए. झाले, लष्कराच्या एका सर्वेक्षण खात्यात जागा मिळते का पाहायला कलकत्त्याला गेले, ती मिळाली नाही, आणि १९४१ मध्ये ते संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. पाच वर्षांनी केंब्रिजला गेले ते तिथल्या मानववंशशास्त्राच्या संग्रहालयात, उत्खननात सापडलेल्या हाडांची मापं घ्यायला आणि त्यांचं विश्लेषण करायला. हाडं मोजणं! कुठल्याही गणित विभागाच्या माहितीपत्रकात हे काम शोभलं नसतं. पण एकेका सांगाड्याची अनेक मापं एकदम घेऊन त्याला कोणत्या गटात घालायचं, या प्रश्नावर त्यांनी जे लिहिलं त्याचं मूळ त्या मोजमापांत होतं, आणि सोबतीला ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ फिशरच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. चालू होती. पुन्हा तीच जोडी: एका हातात मोजपट्टी, आणि डोक्याशी भांडणारं कुणीतरी जवळ.

तिसरा आक्षेप वादात फारसा ऐकू येत नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत गंभीर तोच आहे: गुप्तता. गॉसेट ‘स्टुडंट’ का झाला? कंपनी आपल्या नोकरांना स्वतःच्या नावाने लिहू देत नव्हती म्हणून. तरी त्याला निदान टोपणनाव मिळालं. क्लिफर्ड कॉक्सला तेही नाही. संख्यासिद्धांतातलं (पूर्णांकांच्या गुणधर्मांच्या गणितातलं) संशोधन अर्धवट सोडून तो १९७३ मध्ये ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तसंदेश खात्यात लागला. तिथे जेम्स एलिसने काही वर्षांपूर्वी एक कल्पना मांडून ठेवली होती: किल्ली आधी गुपचूप न देताही संदेश सांकेतिक करता आला पाहिजे. एलिस मुळात इंजिनिअर. कल्पना त्याची होती, पण ती प्रत्यक्षात उतरवणारं गणित त्याच्याकडे नव्हतं. नव्या पोराने ती गोष्ट ऐकली आणि मोठ्या मूळसंख्यांच्या गुणाकारावर उभी असलेली रीत काढून दिली. चार वर्षांनी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी अमेरिकेत तीच स्वतंत्रपणे शोधली आणि ती त्यांच्या आद्याक्षरांनी, आरएसए म्हणून, जगाला ठाऊक झाली. कॉक्सचं नाव उजेडात यायला १९९७ साल उजाडलं. गणितात सिद्धता दहा लोकांनी तपासल्याशिवाय सिद्धता ठरत नाही, आणि इथे वर्षभराचं कामच कुणाला दाखवायची बंदी! बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांची सादरीकरणं यामुळेच पोकळ वाटतात. ‘एका मोठ्या ग्राहकासाठी एक मॉडेल केलं, त्याने फायदा झाला’ याच्या पलीकडे त्यांना बोलता येत नाही. याला तोड आहे. आकडे कंपनीचे, पद्धत सर्वांची. खरी माहिती काढून बनावट आकड्यांवर तीच पद्धत उलगडून दाखवायची, आणि हे करारात वर्ष सुरू होण्याआधीच लिहून घ्यायचं. जी कंपनी एवढंही कबूल करत नाही, तिला नोकर हवा आहे, विद्यार्थी नको.

कॉक्सची गोष्ट माझ्या विरोधकांच्याही कामाची आहे, आणि ती त्यांनीच अधिक सांगायला हवी. त्याला खात्यात जाऊन संख्यासिद्धांत शिकायचा नव्हता. तो घेऊनच तो तिथे गेला होता. इंग्रज गणिती हार्डी १९४० मध्ये संख्यासिद्धांताच्या निरुपयोगीपणाचा अभिमान बाळगत होता, आणि ३३ वर्षांत त्याच विषयाने सरकारी खात्यातली कोंडी फोडली. ‘उद्योगाला काय लागतं’ असं विचारून १९६५ मध्ये कुणी अभ्यासक्रम बेतला असता, तर त्यातून नेमका हाच विषय गळाला असता. म्हणून उमेदवारीचं नाव काढताच शुद्ध गणिताच्या लोकांच्या पोटात गोळा येतो, तो मला कळतो. ती भीती हवेतली नाही. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाने शुद्ध गणितातलं संशोधन गुंडाळण्याचा प्रस्ताव पुढे आणला, तेव्हा जगभरातल्या गणितज्ञांनी निषेध केला. रोजगाराचा मंत्र एकदा घुमू लागला की आधी संपतं ते ज्याचा उपयोग उद्याच्या उद्या दाखवता येत नाही तेच. पण यावरून उमेदवारी नको असं निघतं का? मला उलटं वाटतं. बाहेरचं वर्ष हे तीन वर्षांच्या अभ्यासावरचं जादाचं वर्ष असतं. ते गणिताच्या तीन वर्षांतलं काही कापून घेत नाही. कापाकापी होते ती त्या तीन वर्षांच्या आत ‘उद्योगाभिमुख’ पेपर घुसडल्याने. एका सत्रात तीन व्याख्यानांवर उरकलेली पायथन किंवा वाणिज्याची तोंडओळख, तीही टोपोलॉजीच्या जागी. कंपनीत जी गोष्ट दोन आठवड्यांत अंगवळणी पडते ती वर्गात सहा महिने का शिकवावी? उमेदवारीचं वर्ष धड असेल तर वर्गाला वर्ग राहता येतं. शुद्ध गणिताच्या बाजूने मला यापेक्षा बळकट व्यवहारी मुद्दा दिसत नाही, आणि तो त्या बाजूचं कुणी का मांडत नाही हे कोडंच आहे.

ऐच्छिक का, याबद्दल थोडंच. दूरच्या शहरात घर घेऊन राहणं सगळ्यांना परवडत नाही, कुणाच्या घरी आजारी माणूस असतं, कुणाला थेट संशोधनात जायचं असतं आणि तिथे तो एक वर्ष लवकर पोचलेला बरा. जे वर्ष सक्तीचं होतं त्याच्या जागाही सक्तीने भराव्या लागतात, आणि मग विभाग मिळेल त्या कंपनीपुढे हात जोडतो. शिवाय ओळखीपाळखीच्या घरच्या मुलाला चांगली जागा आणि बाकीच्यांना उरलीसुरली, हे सक्तीने जास्तच होतं.

राहता राहिला रामानुजन. या वादात त्याला दोन्ही बाजू ओढतात, बहुतेकदा ‘पाहा, एवढ्या बुद्धीचा माणूस कारकुनीत सडत होता’ म्हणून. १९१२ मध्ये मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर तो हिशेबाच्या कारकुनाच्या जागी लागला. त्या कामात गणित नव्हतं, माझ्या वरच्या कसोटीवर ती जागा सपशेल नापास झाली असती. पण त्याचे वरिष्ठ होते एस. नारायण अय्यर. स्वतः गणित शिकलेले, पूर्वी कॉलेजात गणित शिकवलेले, इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीत वावरणारे. संध्याकाळी दोघं पाट्या घेऊन बसत. रामानुजन मधल्या पायऱ्या गाळून झपझप पुढे जायचा आणि अय्यर त्याला थांबवून विचारायचे की हे कुठून आलं. अर्ज करताना विद्यार्थी कंपनीचं नाव, पगार आणि शहर पाहतात, मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ म्हटलं की गप्प बसतात. तिथे एक प्रश्न विचारता येतो: माझं काम रोज कोण वाचणार आहे, आणि त्या माणसाला सिद्धता वाचता येते का?